नाव मागे ठेवा, जमीन धरा : अमेरिकेच्या फ्रंटियरवरचा पूर्वज कसा शोधावा

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी घरांत एक नवा पेच हल्ली वरचेवर दिसतो. नातवंडाची एक बाजू सोपी असते. गाव ठाऊक, कुलदैवत ठाऊक, आजोबांच्या वहीत सात पिढ्यांची नावं. दुसरी बाजू, म्हणजे अमेरिकन सुनेची किंवा जावयाची, ‘पणजोबांचे वडील पश्चिमेला गेले आणि शेती केली’ या एका वाक्यावर संपते. शाळेत वंशवृक्ष मागितला की तो एका बाजूला डेरेदार आणि दुसऱ्या बाजूला खुंटलेला निघतो.

ही दुसरी बाजू शोधता येते, आणि अगदी पुण्यात बसूनही बरीचशी शोधता येते. शिवाय मराठी माणसाकडे त्यासाठी लागणारी एक सवय आधीपासूनच असते. माणूस विसरला जातो, पण त्याची जमीन कुठल्या तरी दप्तरात नोंदलेली राहते, हे सातबारा आणि फेरफार पाहत वाढलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. फ्रंटियरवरचा, म्हणजे पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या नव्या वस्तीच्या सीमेवरचा, माणूस सतत जागा बदलायचा. नावाचं स्पेलिंग बदलायचं, वय बदलायचं, कधी कधी बायकोही बदलायची. अशा माणसाच्या नावामागे धावलात तर दमाल. त्याने जिथे जिथे जमीन घेतली, मागितली किंवा गमावली, तिथे थांबलात तर तो सापडतो.

उदाहरणासाठी सबंध लेखात मी एकच माणूस घेतो आहे : डॅनियल फ्रीमन. जन्म 1826, ओहायो. मृत्यू 1908, नेब्रास्का. होमस्टेड कायद्याखाली (वसून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा कायदा) पहिला दावा लावणारा म्हणून तो प्रसिद्ध झाला, त्यामुळे त्याचे कागद सार्वजनिक आहेत. पण कागदांचा प्रकार तुमच्या अप्रसिद्ध पूर्वजाच्या बाबतीतही तोच असेल.

सुरुवात जिवंत माणसांपासून

इथे फार वेळ घालवू नका, पण ही पायरी चुकवूही नका. घरातल्या सर्वांत वृद्ध नातेवाइकाशी बोला, जुनं कौटुंबिक बायबल आहे का विचारा (त्याच्या मधल्या पानांवर जन्म, लग्न, मृत्यू लिहायची पद्धत होती), फोटोंच्या पाठी पाहा. मग स्वतःपासून एकेक पिढी मागे जा. प्रसिद्ध पूर्वज पकडून तिथून खाली उतरायचा मोह बहुतेकांना होतो आणि बहुतेक खोट्या वंशावळी तिथेच जन्माला येतात.

फॅमिलीसर्च ही सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन चर्चने चालवलेली साइट फुकट आहे. खातं उघडा. मात्र तिथे लोकांनी स्वतः भरलेली झाडं आणि मूळ कागदांचे फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाडं हा सुगावा समजा, कागद हा पुरावा.

जनगणना : मुलांची जन्मस्थळं वाचा

अमेरिकेत 1790 पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. सुरुवातीच्या यादीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असायचं. 1850 पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचं नाव, वय आणि जन्मस्थळ येऊ लागलं. ‘स्वतंत्र’ हा शब्द लक्षात ठेवा. गुलामगिरीत असलेल्यांची 1850 आणि 1860 मध्ये वेगळी यादी झाली. तीत मालकाचं नाव असतं, गुलाम केलेल्या माणसांचं बहुधा फक्त वय, लिंग आणि वर्ण. पूर्वज कृष्णवर्णीय असेल तर 1870 ही नावानिशी सापडण्याची पहिली मोठी संधी. कॅन्ससमधलं निकोडेमस हे 1877 साली वसलेलं गाव अशाच मुक्त झालेल्या कुटुंबांचं.

1880 पासून कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईवडिलांची जन्मस्थळं नोंदली गेली. 1900 च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, स्त्रीला किती मुलं झाली आणि त्यांतली किती हयात आहेत, परदेशातून आलेला असेल तर कोणत्या वर्षी आला, एवढं सगळं मिळतं. म्हणून शोध 1900 पासून मागे न्यायचा.

या तक्त्यात नवखा माणूस स्वतःच्या पूर्वजाचं नाव बघतो आणि पान बंद करतो. खरा ऐवज मुलांच्या रांगेत असतो. थोरला ओहायोत जन्मलेला, दुसरी इंडियानात, तिसरा आयोवात आणि धाकटं नेब्रास्कात, अशी रांग दिसली की त्या घराच्या बैलगाडीचा रस्ता तुमच्यापुढे आखलेला आहे. वयांवरून कोणतं राज्य कधी सोडलं याचाही अंदाज येतो. आता प्रत्येक थांब्याला त्या काळचे जमिनीचे कागद शोधायचे.

यात एक मोठी दरी आहे. 1890 च्या जनगणनेचे कागद 1921 च्या जानेवारीत वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत लागलेल्या आगीत जळाले-भिजले आणि उरलेलेही पुढे नष्ट केले गेले. म्हणजे 1880 नंतर एकदम 1900 ची यादी, आणि फ्रंटियरच्या दृष्टीने हीच वीस वर्षं सर्वांत धावपळीची. ती भरून काढायला 1885 ची जनगणना बघा. नेब्रास्का, कोलोरॅडो, फ्लोरिडा, डकोटा टेरिटरी आणि न्यू मेक्सिको टेरिटरी (टेरिटरी म्हणजे अजून राज्य न झालेला प्रदेश) इथे ती केंद्राच्या मदतीने झाली होती. कॅन्सस आणि आयोवा यांच्या स्वतःच्या जनगणनाही आहेत. कॅन्ससवाले तर ‘इथे कुठून आलात’ असंही विचारायचे. तो एक रकाना कधी कधी दोन वर्षांचं काम वाचवतो.

स्पेलिंगवर रुसू नका. प्रगणक कानाला ऐकू आलं तसं लिहायचा. जर्मन, नॉर्वेजियन, चेक नावांचं काय होत असेल याची कल्पना करा. नाव सापडलं नाही तर नुसतं पहिलं नाव, वय, जन्मदेश आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) टाकून शोधा. तेही जमलं नाही तर त्या टाउनशिपची (काउंटीतल्या छोट्या भागाची) पानं एकेक करून वाचा. तेव्हा वस्ती विरळ होती, हे काम वाटतं तेवढं मोठं नाही.

जागा नेमकी करा

काउंटीच्या सीमा 19व्या शतकात सारख्या बदलत होत्या. माणूस घरातून हलला नाही तरी त्याची काउंटी दोनदा बदललेली असू शकते, आणि जुना कागद जुन्या काउंटीच्या कोर्टहाऊसमध्येच राहतो. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने काउंटींच्या ऐतिहासिक सीमांचा नकाशासंग्रह केला आहे. त्यात तारीख टाकली की त्या दिवशीची हद्द दिसते. नेब्रास्का 1854 मध्ये टेरिटरी झाला आणि 1867 मध्ये राज्य. त्याआधीचे कागद राज्याच्या नावाने शोधण्यात अर्थ नाही.

दुसरं म्हणजे मोजणीची पद्धत शिकून घ्या. 1785 च्या कायद्यापासून केंद्र सरकारची जमीन चौकटींत मोजली गेली. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद चौरस म्हणजे एक टाउनशिप. तिचे 36 सेक्शन, प्रत्येक सेक्शन 640 एकरांचा. त्याचा पाव भाग 160 एकर, आणि होमस्टेडवाल्याला मिळायची ती जास्तीत जास्त एवढीच. सेक्शनचे आकडे ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन नागमोडी जातात.

फ्रीमनची जमीन सेक्शन 26, टाउनशिप 4 उत्तर, रेंज 5 पूर्व, सहावी मुख्य मध्यान्हरेषा (मोजणीची उत्तर-दक्षिण रेषा) अशी नोंदली आहे. इथली आधाररेषा म्हणजे कॅन्सस आणि नेब्रास्का यांची सरहद्द. म्हणजे ही जमीन सरहद्दीपासून उत्तरेला चौथ्या रांगेत आणि मध्यान्हरेषेपासून पूर्वेला पाचव्या स्तंभात. आकडे आजच्या नकाशावर बसवून देणाऱ्या साइट आहेत. पूर्वजाचं शेत उपग्रहचित्रात बघायला मिळतं.

ही पद्धत सगळीकडे नाही. मूळच्या तेरा राज्यांत आणि टेक्सासमध्ये केंद्राची जमीनच नव्हती. टेक्साससाठी ऑस्टिनमधलं त्या राज्याचं जमीन कार्यालय वेगळं आहे.

पट्टा आणि त्यामागची फाइल

केंद्राच्या भूव्यवस्थापन खात्याच्या ‘जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स’ या साइटवर राज्य, काउंटी आणि आडनाव टाका. सरकारने दिलेल्या मालकीच्या पट्ट्याची प्रत फुकट दिसते. बहुतेक लोक ती उतरवून घेतात, चौकटीत लावतात आणि तिथेच थांबतात. पट्टा हा शेवटचा आणि सर्वांत कोरडा कागद. त्यात नाव, जमिनीचं वर्णन, तारीख आणि राष्ट्राध्यक्षांच्या वतीने सचिवाने केलेली सही. आयुष्य असतं ते त्यामागच्या फाइलीत.

होमस्टेड कायदा 20 मे 1862 रोजी झाला आणि 1 जानेवारी 1863 पासून लागू झाला. एकवीस वर्षं पूर्ण झालेला किंवा कुटुंबप्रमुख असलेला नागरिक, किंवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेला परदेशी, 160 एकरांपर्यंत दावा लावू शकत होता. फी सगळी मिळून जेमतेम 18 डॉलर. अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची आणि शेवटी ते सिद्ध करायचं. अविवाहित स्त्रिया, विधवा आणि घटस्फोटितांनाही दावा लावता येत होता. त्यामुळे फक्त पुरुषांच्या नावाने शोधू नका. सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरून लवकर मोकळं होण्याचीही सोय होती.

‘सिद्ध करायचं’ हीच आपली खाण. दावेदाराला शपथेवर सांगावं लागे आणि दोन साक्षीदारांना दुजोरा द्यावा लागे. फ्रीमनने 1868 मध्ये दिलेल्या पुराव्यातून कळतं की घर 14 बाय 20 फुटांचं, एकमजली, दोन दारं, दोन खिडक्या, लाकडी फळ्यांची जमीन होती. सुमारे 35 एकर नांगरलेली. तबेला, 100 फूट लांब मेंढवाडा, मक्याचं कोठार. सफरचंदाची 40 झाडं आणि पीचची सुमारे 400. साक्षीदार त्याचे शेजारी. फोटोसुद्धा इतकं सांगत नाही. पुढच्या काळातल्या छापील अर्जांत तर कुटुंबात किती माणसं, पहिल्यांदा राहायला कधी आलात, मधे किती दिवस बाहेर होतात आणि का, असे थेट प्रश्न असत. ‘का’ या प्रश्नाची उत्तरं वाचण्यासारखी असतात, कारण तिथे आजारपण, बाळंतपण, मजुरीसाठी रेल्वेच्या कामावर जाणं, दुष्काळ असं सगळं येतं.

पूर्वज परदेशातून आलेला असेल तर याच फाइलीत नागरिकत्वाच्या कागदाची नक्कल जोडलेली असते. 1906 पूर्वी नागरिकत्व कुठल्याही कोर्टात घेता येत असे, त्यामुळे ते शोधणं महाकठीण. इथे ते आयतं हाती येतं.

मिळवायचं कसं? पट्ट्यावरून चार गोष्टी टिपून घ्या : राज्य, जमीन कार्यालयाचं गाव, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि जमिनीचं पूर्ण वर्णन. या फाइली वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. ऑनलाइन मागणी नोंदवून, फी भरून प्रत मिळते. नेब्रास्काच्या बऱ्याच फाइलींचं डिजिटायझेशन झालेलं आहे, म्हणून मागणी करण्यापूर्वी आपली फाइल ऑनलाइन आहे का ते आधी पाहा.

हरलेला दावा

पट्ट्यांच्या साइटवर नाव नाही म्हणून पूर्वजाने जमीन घेतलीच नाही असं समजू नका. असंख्य लोकांनी दावा लावला आणि पाच वर्षं काढू शकले नाहीत. 1874 साली टोळधाडीने कॅन्सस, नेब्रास्का भागातली पिकं फस्त केली, 1873 च्या मंदीने आधीच कंबर मोडलेली होती, आणि 12 जानेवारी 1888 च्या हिमवादळात माणसं-गुरं गोठून मेली. दावा सोडलेल्यांना पट्टा मिळाला नाही, पण रद्द झालेल्या दाव्याचीही फाइल ठेवली गेली.

त्यासाठी ‘ट्रॅक्ट बुक’ पाहावं लागतं. प्रत्येक सेक्शनवर कोणी, कधी, कोणत्या कायद्याखाली अर्ज केला आणि त्याचं काय झालं याची ही नोंदवही आहे. तिच्या पानांचे फोटो फॅमिलीसर्चवर आहेत. नावाने नव्हे, जमिनीच्या आकड्यांनी शोधायचं. अक्षर वाईट, रकाने दाटीचे, पण माझ्या मते सबंध शोधातलं हे सर्वांत दुर्लक्षित दप्तर. होमस्टेडशिवाय 1841 चा प्रीएम्प्शन कायदा (आधी वसून मग ती जमीन सरकारकडून विकत घेण्याचा) आणि 1873 चा झाडं लावून जमीन मिळवण्याचा कायदा, यांखालचे अर्जही इथेच भेटतात. एकाच माणसाचे तीन कायद्यांखाली तीन दावे, असंही असतं.

शेजारी हे नातेवाईकच समजा

पश्चिमेला माणसं क्वचितच एकटी गेली. मेहुणे, चुलत भाऊ, एकाच चर्चची कुटुंबं, एकाच खेड्यातले नॉर्वेजियन असे थव्याने जात. म्हणून जनगणनेच्या पानावर पूर्वजाच्या वरची आणि खालची दहा-दहा घरं लिहून घ्या. दाव्यातले साक्षीदार, लग्नाचे साक्षीदार, मृत्युपत्राचे जामीन, सगळ्यांची एक यादी करा. तीच दोन-चार आडनावं आयोवातही आणि नेब्रास्कातही दिसली, तर आयोवातला तुमचाच माणूस असण्याची शक्यता खूप वाढते. पत्नीचं माहेरचं आडनाव बहुतेक वेळा याच यादीत दडलेलं असतं. जमीन विकताना पत्नीला आपला हक्क सोडल्याची सही करावी लागे, त्यामुळे काउंटीच्या खरेदीखतांत तिचं पहिलं नाव तरी मिळतंच.

लढाईचं पेन्शन

पूर्वज 1820 ते 1847 च्या दरम्यान जन्मला असेल तर यादवी युद्धातली (1861–65) नोकरी तपासा. उत्तरेच्या सैन्यातल्यांच्या पेन्शनच्या फाइली नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, दक्षिणेच्या सैनिकांना पेन्शन त्या त्या राज्यांनी दिलं म्हणून त्या राज्यांच्या दप्तरखान्यात. विधवेने अर्ज केला असेल तर नशीब उघडलं समजा. तिला लग्न सिद्ध करावं लागे, मुलांचे जन्म सिद्ध करावे लागत, आणि त्यासाठी बायबलचं फाडलेलं पान, सुईणीचं प्रतिज्ञापत्र, शेजाऱ्यांचे जबाब सरकारकडे पाठवले जात. ते आजही फाइलीत आहेत. 1890 च्या जळलेल्या जनगणनेतली माजी सैनिकांची आणि विधवांची वेगळी यादीही काही राज्यांपुरती वाचली आहे.

कोर्ट आणि वर्तमानपत्र

काउंटी कोर्टात वारसाहक्काची प्रकरणं पाहा. माणूस मृत्युपत्र न करता गेला असेल तर उलट बरं, कारण मग सगळे वारस नावानिशी आणि पत्त्यानिशी नोंदवावे लागत. खटलेही बघा. फ्रीमनने आपल्या शाळेतल्या शिक्षिकेच्या बायबलवाचनाविरुद्ध भांडण थेट नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं आणि 1902 मध्ये निकाल मिळवला. जमिनीच्या फाइलीत पीचची झाडं मोजणारा हा माणूस स्वभावाने कसा होता, ते कोर्टाच्या कागदाने कळतं.

वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा संग्रह फुकट आहे. 1879 पासून होमस्टेडवाल्याला अंतिम पुरावा देण्याआधी स्थानिक पत्रात जाहिरात द्यावी लागे आणि तीत चार साक्षीदारांची नावं असत. ‘अमुक आपल्या बहिणीला भेटायला इलिनॉयला गेले’ अशा दोन ओळींच्या गावबातम्यांना कमी लेखू नका, बहिणीचा पत्ता तिथे लागतो. 1880 नंतर निघालेल्या काउंटी-इतिहासांतली चरित्रं मात्र सावधपणे वाचा. त्यांतली बरीचशी ज्याची त्याने पैसे मोजून छापून घेतलेली आहेत. त्यांत कोणीही कर्जबाजारी नसतं.

घरात चालत आलेल्या कथा

फ्रीमनने नववर्षाच्या मध्यरात्री कारकुनाला उठवून ब्राउनव्हिलच्या कार्यालयात पहिला अर्ज नोंदवला, अशी आख्यायिका आहे. कागद एवढंच सांगतो की अर्ज क्रमांक 1, तारीख 1 जानेवारी 1863. त्याच दिवशी इतर कार्यालयांतही अर्ज आले होते. कथा टाकून देऊ नका, वेगळ्या पानावर लिहा आणि कोणत्या भागाला कागदाचा आधार आहे ते पुढे नोंदवा.

‘एलिस आयलंडवर आमचं आडनाव बदललं’ ही सर्वांत लाडकी कथा. तिथले अधिकारी जहाजावर तयार झालेल्या यादीवरून काम करत, नावं बदलत नसत. शिवाय एलिस आयलंड 1892 मध्ये उघडलं. त्याआधी न्यूयॉर्कला उतरलेले 1855 ते 1890 या काळात कॅसल गार्डनमधून आले. तुमचा माणूस 1870 मध्ये नेब्रास्कात नांगर धरून असेल तर एलिस आयलंडचा प्रश्नच येत नाही. नावं बहुधा लोकांनी स्वतःच, शेजाऱ्यांना उच्चारता यावीत म्हणून, हळूहळू बदलली.

डीएनए चाचणीबद्दल थोडक्यात : वरचं सगळं झाल्यावर करा. नुसती जुळणाऱ्या अनोळखी लोकांची यादी घेऊन सुरुवात केली तर गोंधळ वाढतो.

ती जमीन आधी कोणाची

हे पान बहुतेक कौटुंबिक इतिहासांत नसतं, आणि असायला हवं. 160 एकर ‘फुकट’ मिळाले म्हणजे सरकारने ते आधी कोणाकडून तरी घेतले होते. फ्रीमनच्या गेज काउंटीचा परिसर ओटो-मिसूरिया लोकांचा. 1854 च्या तहाने त्यांनी आपला बहुतेक प्रदेश सोडला आणि बिग ब्लू नदीकाठच्या राखीव पट्ट्यात राहिले. तोही पुढे तुकड्यातुकड्याने गेला आणि 1881 मध्ये त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. फ्रीमनचे पीच बहरात असताना हे लोक काही मैलांवरच राहत होते.

तुमच्या सेक्शनसाठी हे शोधायला चार्ल्स रॉइस यांनी तयार केलेले, 1899 मध्ये प्रसिद्ध झालेले आदिवासी भूमी-हस्तांतरणाचे नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर आहेत. राज्याचा नकाशा उघडा, आपली काउंटी शोधा, तिच्यावरचा क्रमांक सोबतच्या तक्त्यात पाहा : कोणता समाज, कोणता तह, कोणती तारीख. पूर्वज स्वतः मूळनिवासी असेल तर दिशा उलटी होते. 1887 च्या डॉज कायद्यानंतरच्या जमीनवाटपाच्या नोंदी आणि ओक्लाहोमातल्या पाच जमातींसाठी डॉज याद्या (जमातीच्या सदस्यांच्या सरकारी याद्या) हे तुमचं मुख्य दप्तर.

प्रत्यक्ष जाणार असाल तर

कागदांची फेरी झाल्यावरच जा. कोर्टहाऊसला आधी फोन करा. जुनी पुस्तकं अनेकदा दुसऱ्या इमारतीत किंवा राज्याच्या इतिहास संस्थेकडे हलवलेली असतात. सोबत जमिनीचं वर्णन, तारखा आणि शेजाऱ्यांची यादी न्या. कारकुनाला घरची कहाणी सांगू नका, ‘1871 ते 1890 ची खरेदीखतांची अनुक्रमणिका हवी’ असं नेमकं मागा. नेब्रास्कातल्या बिएट्रिसजवळ फ्रीमनच्याच जमिनीवर होमस्टेडचं राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे इतर राज्यांतल्या होमस्टेडवाल्यांच्या नोंदी शोधायलाही मदत मिळते. शेत आज दुसऱ्याच्या मालकीचं असणार, तेव्हा कुंपण ओलांडण्यापूर्वी दार वाजवून विचारा. त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तुमच्या आडनावाबद्दल काही ठाऊक असेल तर तेही तारखेनिशी लिहून घ्या.